न लिहिलेली ओळ

१४ जानेवारी २००५. शनीच्या टायटन या चंद्रावरच्या दाट नारिंगी धुक्यातून हायगेन्स नावाचं यान पॅराशूटला लटकत खाली येत होतं. सात वर्षं ते कॅसिनी यानाच्या अंगाला चिकटून प्रवास करत होतं आणि आदल्या महिन्याच्या २५ तारखेला त्याच्यापासून सुटलं होतं. आता जवळजवळ अडीच तासांच्या उतरणीत जे दिसेल आणि जे मोजता येईल, ते सगळं दोन रेडिओ वाहिन्यांवरून कॅसिनीकडे पाठवणं एवढंच त्याचं काम होतं. एक वाहिनी ‘ए’, दुसरी ‘बी’. एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून बहुतेक मोजमापं दोन्ही वाहिन्यांवरून जात होती. छायाचित्रं मात्र दोघींत वाटून दिली होती, आणि वाऱ्याचा वेग मोजणारा डॉप्लर प्रयोग सर्वस्वी ‘ए’वर विसंबून होता.

हायगेन्सने दोन्ही वाहिन्यांवरून इमानेइतबारे सगळं पाठवलं. ‘बी’वरचं पोचलं. ‘ए’वरचं काहीच पोचलं नाही, कारण कॅसिनीवरचा ‘ए’चा रिसीव्हर चालूच नव्हता. तो बिघडला नव्हता, त्याला चालू हो असं कुणी सांगितलंच नव्हतं. कॅसिनीला दिलेल्या कमांडच्या यादीत ती कमांड नव्हती. सुमारे ७०० छायाचित्रांपैकी ३५० हाती आली. वाऱ्याचं मोजमाप बव्हंशी वाचलं, कारण अमेरिकेतली ग्रीन बँक, ऑस्ट्रेलियातली पार्क्स अशा मोठ्या रेडिओ दुर्बिणी तो क्षीण सिग्नल पृथ्वीवरून थेट ऐकत होत्या. यादीतली चूक आपली होती, हे युरोपीय अवकाश संस्थेने लगेच मान्य केलं.

उपग्रह चालवण्याच्या कार्यपद्धती आणि सिम्युलेटरवर त्यांची आपोआप होणारी चाचणी हा या पुस्तकाचा विषय. त्याची ओळख करून देताना मी मुद्दाम या प्रसंगापासून सुरुवात करते आहे. चुकीची कमांड गेल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. इथे यादीतली प्रत्येक कमांड बरोबर होती. चूक त्या यादीत नसलेल्या ओळीची होती, आणि नसलेली ओळ वाचून सापडत नाही. या विषयाच्या मुळाशी हीच अडचण आहे, असं मला वाटतं.

उपग्रह चालवणं म्हणजे पडद्यासमोर बसून दांडी फिरवणं, अशी अनेकांची कल्पना असते. नियंत्रण कक्षातलं खरं काम बरंच संथ आणि शिस्तीचं असतं. तिथली माणसं ‘प्रोसिजर’ चालवतात. प्रोसिजर म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेली कृती. आधी अमुक आकडा अमुक मर्यादेत आहे का ते पाहा. असेल तर ही कमांड पाठवा. उपग्रहाने ती स्वीकारल्याची पोच येते का बघा. मग टेलिमेट्रीत, म्हणजे उपग्रहाकडून येणाऱ्या आकड्यांत, अपेक्षित बदल दिसेपर्यंत थांबा. इतक्या सेकंदांत दिसला नाही, तर त्या दुसऱ्या पानावरच्या पायऱ्यांकडे वळा. एका मोठ्या मोहिमेत अशा शेकडो प्रोसिजर असतात. काही रोजच्या कामाच्या असतात, काही संकटाच्या वेळी उघडायच्या. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह एका ग्राउंड स्टेशनवरून जाताना जेमतेम दहा मिनिटं दिसतो; या फेरीला ‘पास’ म्हणतात. त्या दहा मिनिटांत विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधी करून कागदावर उतरवून ठेवलेला असतो. प्रोसिजर म्हणजे तो साठवलेला विचार.

हा मजकूर अनेक जण वाचतात. ज्याने लिहिला तो वाचतो, ज्याने ते उपकरण बनवलं तो वाचतो, मोहिमेचा प्रमुख वाचतो आणि सही करतो. तरी ओळ निसटते, आणि ती निष्काळजीपणानेच निसटते असं नाही. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला विचारा. चुकीचं अक्षर डोळ्याला खुपतं, पण गाळलेला शब्द डोळा स्वतःच भरून पुढे सरकतो. विषय जितका ओळखीचा, तितका तो जास्त भरला जातो. म्हणजे प्रोसिजर सर्वांत चांगली समजणारा माणूसच त्यातली गळती ओळखायला सर्वांत कमी लायक ठरतो.

नाटकवाल्यांना हे केव्हाच उमगलेलं आहे. संहितेच्या वाचनात तिसऱ्या अंकातला कंदील कुणालाच आठवत नाही, कारण वाचताना कंदील लागत नाही. तो रंगमंचावर ठेवलेला नाही, हे रंगीत तालमीत कळतं, जेव्हा नट हात पुढे करतो आणि हाताला काही लागत नाही. सिम्युलेटर हा उपग्रहाच्या प्रोसिजरचा रंगमंच आहे. तिथे प्रोसिजर नुसती वाचली जात नाही, ती हात पुढे करते.

सोहो या सौर वेधशाळेची हकिकत या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि ती सांगितली जायलाच हवी. २ डिसेंबर १९९५ रोजी प्रक्षेपित झालेलं हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याकडे तोंड करून उभं होतं. ठरलेली दोन वर्षं त्याने उत्तम काम केलं आणि मोहीम पुढे चालू राहिली. यानाचं फिरणं मोजणारे गायरो जपून वापरावेत, वेळ वाचावा, म्हणून जुन्या कमांड-मालिकांमध्ये बदल करण्यात आले. त्या बदलांत दोन गोष्टी राहून गेल्या. एक गायरो विश्रांतीसाठी थांबवला जात होता. यान गोंधळलं आणि त्याला सूर्य पुन्हा शोधायची वेळ आली, तर हाच गायरो लागणार होता, पण त्याला जागं करण्याची कमांड नव्या मालिकेत उतरली नाही. दुसऱ्या गायरोची वाढवलेली संवेदनशीलता पूर्ववत करायची राहिली, त्यामुळे तो खऱ्याच्या वीसपट वेग सांगू लागला. २४ जून १९९८च्या रात्री यान आणीबाणीच्या अवस्थेत गेलं, आणि सावरताना पुन्हा गेलं. आता कक्षातल्या माणसांसमोर दोन गायरो होते. एक म्हणत होता यान फिरतंय, दुसरा म्हणत होता फिरत नाही. दुसरा तसं म्हणत होता, कारण तो झोपलेला होता. त्यांनी झोपलेल्यावर विश्वास ठेवला आणि जागा असलेला बंद केला. २५ जूनच्या पहाटे संपर्क तुटला.

पुढचे महिने मोठ्या जिद्दीचे होते. २३ जुलैला अरेसिबोच्या अवाढव्य रडारने पाठवलेल्या आणि गोल्डस्टोनच्या तबकडीने टिपलेल्या प्रतिध्वनीतून यान सापडलं. ३ ऑगस्टला त्याचा हुंकार ऐकू आला. गोठलेलं इंधन हळूहळू वितळवून १६ सप्टेंबरला यान पुन्हा सूर्याकडे वळवलं गेलं, आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सूर्य पाहत राहिलं. चौकशी मंडळाने बोट ठेवलं ते जमिनीवर, प्रोसिजर बदलताना पुरेशी तपासणी न होण्यावर. यान निर्दोष होतं.

मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘बदल’ हा शब्द. नवी प्रोसिजर सगळे डोळ्यांत तेल घालून तपासतात. चाललेली, मुरलेली प्रोसिजर थोडीशी सुधारली, की तपासणी ढिली पडते, कारण ती ‘चालते’ हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय प्रोसिजरला हात न लावताही ती बदलते. उपग्रहावरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, एखादा सेन्सर म्हातारा होतो, टेलिमेट्रीच्या डेटाबेसमध्ये कुणीतरी एक मर्यादा दुरुस्त करतं, आणि कालपर्यंत खरी असलेली पायरी आज खोटी ठरते. शेकडो प्रोसिजर अशा प्रत्येक बदलानंतर माणसांनी बसून पुन्हा चालवून पाहणं अशक्य आहे. यंत्राने रोज रात्री सगळ्या चालवून पाहाव्यात आणि सकाळी फक्त अडखळलेल्या समोर ठेवाव्यात, ही कल्पना या गरजेतून आली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ती जुनी आहे. उपग्रहांच्या कक्षात ती सावकाश येते आहे, आणि या सावकाशीला कारणंही आहेत.

पहिलं कारण म्हणजे, यंत्राने चालवायची तर प्रोसिजर यंत्राला कळेल अशा भाषेत लिहिलेली हवी. अनेक वर्षं ती तक्त्यांच्या रूपात, माणसासाठी लिहिली जात होती. ‘गरज वाटल्यास थांबावे’ असं वाक्य माणूस समजून घेतो, यंत्र घेत नाही. युरोपीय अवकाश मानकांमध्ये यासाठी ‘प्लूटो’ नावाची एक भाषा आहे. तिची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. सुरुवातीला पूर्वअटी, म्हणजे काय खरं असल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मग मुख्य भाग. त्याच्या सोबतीने राखण करणारा एक भाग, जो काम चालू असताना भलतं काही घडतंय का यावर नजर ठेवतो. आणि सरतेशेवटी पुष्टीचा भाग, जे साधायचं होतं ते खरोखर साधलं का हे विचारणारा. न लिहिलेली ओळ पकडायची तर ती या शेवटच्या भागातच पकडता येते. मुख्य भागात काय केलं ते लिहिलेलं असतं, पुष्टीत काय व्हायला हवं होतं ते. या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांचं न पाहता लिहिल्या तर उत्तमच.

दुसरं कारण सिम्युलेटर. चांगला सिम्युलेटर म्हणजे उपग्रहाचं चलच्चित्र नव्हे. उपग्रहावर जे सॉफ्टवेअर चालतं तेच, त्याच शून्य-एकांच्या स्वरूपात, त्याच्या पोटात चालतं. उपग्रहावरच्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर त्याची एकेक सूचना वाचून पाळतो. बाकी सगळं गणिताने उभं केलेलं असतं, मग ते सूर्य आणि पृथ्वीची सावली असो, बॅटरीचा चढउतार आणि इंधनाच्या टाकीतला दाब असो, गायरोची थरथर असो की सिग्नलला लागणारा वेळ. आपण अंतराळात नाही, हे त्या सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नसतो. आणि अंतराळात जे कधीच करता येत नाही ते इथे करता येतं. सगळी अवस्था गोठवून ठेवायची, प्रोसिजर चालवायची, बिघडली तर पुन्हा त्याच क्षणाशी येऊन दुसऱ्या तऱ्हेने चालवायची. एकदा व्हॉल्व्ह अडकवून, एकदा पोच हरवून, एकदा ग्राउंड स्टेशनची तबकडी मध्येच मिटवून. तीच पहाट शंभर वेळा उजाडवता येते.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण या कामाची चव त्याशिवाय कळत नाही. समजा, एका प्रोसिजरच्या पाचव्या पायरीत इंधनाचा व्हॉल्व्ह उघडायचा आहे आणि सहाव्या पायरीत बंद करायचा आहे. सहाव्या पायरीत कमांड जाते, स्क्रिप्ट लगेच टेलिमेट्री पाहते, तिथे ‘बंद’ लिहिलेलं असतं. पायरी यशस्वी, पुढे चला. पण त्या उपग्रहावर व्हॉल्व्हची स्थिती दर तीस सेकंदांनी एका पॅकेटमध्ये येते, आणि पाचवी आणि सहावी पायरी मिळून वीसच सेकंदांत उरकली आहे. स्क्रिप्टने वाचलेलं ‘बंद’ हे व्हॉल्व्ह उघडण्याच्याही आधीचं आहे. सहावी कमांड उपग्रहाने नाकारली असेल, तर व्हॉल्व्ह या क्षणी सताड उघडा आहे आणि पडद्यावर सगळं आलबेल आहे. अशी चूक कागदावर दिसत नाही. माणसाने चालवली तर बहुधा घडतही नाही, कारण माणूस मुळात हळू असतो आणि आकडा ताजा होण्याची वाट पाहण्याची सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. ती सवय कुणी लिहून ठेवलेली नसते, म्हणून प्रोसिजर यंत्राच्या हाती देताच ती गळते. इथे सिम्युलेटरचा सर्वांत मोलाचा गुण कामी येतो. टेलिमेट्रीच्या मागे जाऊन, गणितातला ‘खरा’ व्हॉल्व्ह उघडा आहे की बंद, हे चाचणीला थेट विचारता येतं. उपग्रह काय म्हणतो आणि उपग्रहाचं काय झालंय, या दोन उत्तरांची तुलना करण्याची जागा जगात एवढीच.

यंत्र आलं म्हणून माणसांची तालीम संपत नाही. अपोलोच्या काळात ह्यूस्टनमध्ये डिक कूस यांच्याकडे सराव घेणाऱ्यांचं नेतृत्व होतं. कक्षातल्या लोकांसमोर कोणतं संकट टाकायचं ते त्यांची मंडळी ठरवत. ५ जुलै १९६९च्या एका सरावात त्यांनी चांद्रयानाच्या संगणकावर १२०१ क्रमांकाचा इशारा आणला. स्टीव्ह बेल्स या तरुण नियंत्रकाने उतरणं रद्द करायला सांगितलं. सराव संपल्यावर कूस यांनी दाखवून दिलं, की रद्द करायची गरज नव्हती. मग उड्डाण संचालक जीन क्रँझ यांच्या आग्रहावरून अशा सगळ्या इशाऱ्यांची यादी करण्यात आली. संगणकतज्ज्ञ जॅक गार्मन यांनी ती हाताने लिहून जवळ ठेवली. २० जुलैला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन खरोखर खाली येत असताना १२०२ क्रमांकाचा इशारा वाजला आणि उत्तर तयार होतं. त्या सरावात बेल्स यांचा निर्णय चुकला म्हणून एक न लिहिलेली यादी लिहिली गेली, पंधरा दिवस आधी. अशी कल्पकता, दुष्टपणे आणि प्रेमाने संकट रचणारी, आज तरी माणसाकडेच आहे. यंत्राने रोजची हजार कंटाळवाणी संकटं सांभाळावीत, म्हणजे कूस यांच्या वारसदारांना हजारएकावं सुचायला सवड मिळेल.

आता सिम्युलेटरच्या मर्यादेविषयी. यासाठी पुन्हा हायगेन्सकडेच जावं लागतं, कारण त्याच मोहिमेच्या पोटात आधीच एक दुसरी, कितीतरी मोठी चूक दडलेली होती. हायगेन्स खाली पडत असणार आणि कॅसिनी सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने त्याच्याकडे येत असणार, तेव्हा सिग्नलची वारंवारता बदलणार, हे रिसीव्हर बनवणाऱ्यांना माहीत होतं आणि त्याची सोय केलेली होती. पण त्याच परिणामामुळे एकामागून एक येणाऱ्या बिटांची लयही बदलते, याची सोय राहिली. प्रक्षेपणाआधीच्या चाचण्यांत सिग्नल स्वच्छ होता, हलत नव्हता, म्हणून सगळं उत्तीर्ण झालं. युरोपीय अवकाश संस्थेच्या डार्मस्टाट केंद्रातले स्वीडिश अभियंता बोरिस स्मेड्स यांनी धरून ठेवलं, की हायगेन्सचा सिग्नल उतरणीत जसा बदलेल तसाच बदलवून एकदा पाठवून पाहू. फेब्रुवारी २०००मध्ये गोल्डस्टोनच्या तबकडीने हायगेन्सचं सोंग घेतलं, प्रवासात असलेल्या खऱ्या कॅसिनीने ते ऐकलं, आणि माहितीच्या चिंध्या झालेल्या दिसल्या. ती लय फर्मवेअरमध्ये कायमची कोरलेली होती, पृथ्वीवरून बदलता येत नव्हती. शेवटी कॅसिनीचा मार्गच बदलला. टायटनपासून १,२०० किलोमीटरवरून जायचं ठरलेलं यान सुमारे ६०,००० किलोमीटरवरून नेलं, म्हणजे सापेक्ष वेगाचा परिणाम बराच कमी झाला. हे झालं नसतं, तर ३५० छायाचित्रंही आली नसती.

सिम्युलेटरमध्ये जे घातलेलं नाही त्याबद्दल तो मुका असतो. आणि बऱ्याचदा सिम्युलेटर आणि प्रोसिजर या दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजावरून लिहिलेल्या असतात. दस्तऐवज चुकला, तर दोघं एकमेकांशी सहमत होतात आणि सगळ्या चाचण्या हिरव्या दिसतात. म्हणून प्रत्यक्ष उपग्रहाची टेलिमेट्री आणि सिम्युलेटरची टेलिमेट्री शेजारी ठेवून पाहणं, तफावत दिसली की सिम्युलेटर दुरुस्त करणं, हे मोहीम संपेपर्यंत चालू राहायला हवं. पैसे कमी पडले की आधी याच कामाला कात्री लागते, आणि ते मला अक्षम्य वाटतं.

पडताळणी राहून गेली की काय होतं, याचं आणखी एक उदाहरण. जपानचा हितोमी हा क्ष-किरण दुर्बिणीचा उपग्रह १७ फेब्रुवारी २०१६ला उडाला. कक्षेत गेल्यावर त्याचा लांब दांडा उलगडला, वजनाची मांडणी बदलली, म्हणून थ्रस्टरांसाठी नवे आकडे चढवले गेले. ते आकडे चुकीचे होते आणि चढवण्याआधी नीट पडताळले गेले नाहीत. महिनाभर त्यांचा उपयोगच करावा लागला नाही, म्हणून काही कळलंही नाही. २६ मार्चला उपग्रहाची स्वतःच्या फिरण्याविषयी गैरसमजूत झाली, तो स्थिर असताना फिरतोय असं धरून चाललेलं सॉफ्टवेअर त्याला उलटा फिरवू लागलं, आणि शेवटचा आधार म्हणून थ्रस्टर पेटले तेव्हा त्या आकड्यांनी फिरणं थांबवायच्या ऐवजी वाढवलं. सौर पंख तुटले. एप्रिलअखेर प्रयत्न सोडून देण्यात आले. संकटाच्या वेळी उघडायच्या प्रोसिजर आणि आकडे सर्वांत कमी वापरले जातात, आणि तेच सर्वांत जास्त वेळा चालवून पाहिले पाहिजेत.

हे पुस्तक मराठीत का, असं कुणी विचारेल. २२ जून २०१६ला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा एक किलोच्या आतबाहेर वजनाचा ‘स्वयम्’ श्रीहरिकोटाहून गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतला ‘प्रथम’ गेला. असे उपग्रह बनवणारी मुलं आपसांत मराठीत भांडतात, मराठीत ‘अरे, तो पास गेला’ म्हणून हळहळतात, आणि लिहायची वेळ आली की अवघडलेल्या इंग्रजीत अर्धंच लिहितात. उरलेलं अर्धं डोक्यात राहतं आणि पदवी घेऊन त्यांच्याबरोबर निघून जातं. पुढच्या तुकडीच्या हाती येते ती गळकी प्रोसिजर. मोठ्या संस्थांसारखा सिम्युलेटर त्यांना परवडणार नाही, पण टेबलावर पसरलेली उपग्रहाची सगळी सर्किटं आणि त्यांना खोटा सूर्य दाखवणारा एक लॅपटॉप, एवढ्यावर पुष्कळ काही साधतं. त्यांच्यासाठी या पुस्तकात कमांड, टेलिमेट्री, पास, सेफ मोड हे शब्द आहेत तसे ठेवले आहेत. जे शब्द तोंडात आहेत तेच कागदावर असावेत.

पुस्तकातला पहिला सराव सोपा दिसतो. कॅसिनीला दिलेल्या कमांडची यादी समोर ठेवायची नाही. हायगेन्स टायटनच्या धुक्यात शिरेल त्या क्षणी कॅसिनीवर काय काय चालू असलं पाहिजे, तेवढंच कोऱ्या कागदावर लिहून काढायचं. प्रत्येक ओळ म्हणजे सिम्युलेटरला विचारायचा एक प्रश्न. पहिली ओळ लिहून दिली आहे: रिसीव्हर ‘ए’, चालू.